वेल्डिंगचा सांधा व त्यावरील वायूचें पांघरूण

पूर्वी वखर, तिफण, कोळपें यांत लांकूड फार व लोखंड थोडें असे. लोखंडाचें काम गांवचा लोहार करी व त्याचा मोबदला बलुत्यांत जाई. आतां ट्रॅक्टरची ट्रॉली, पलटी नांगर, रोटाव्हेटर, पेरणीयंत्र, कांदाचाळीचा सांगाडा, गोठ्याचें फाटक हें सर्व अँगल, चॅनेल व पत्रा यांचें असून वेल्डिंगनें सांधलेलें असतें. आमच्या जालन्यास तर भंगार व स्पंज आयर्न वितळवून सळ्या काढणाऱ्या गिरण्या आहेत, आणि कुंडलिकेच्या दोन्ही तीरांस, जुन्या जालन्यांत व नव्या जालन्यांत, वेल्डिंगचीं दुकानें पावलोपावलीं दिसतात. शेतकरी तेथें अवजार टाकतो, पैसे मोजतो व घेऊन जातो. सांधा चांगला झाला कीं वाईट, हें त्यास कळत नाहीं. एकदां रंगाचा हात फिरला म्हणजे तें करणाऱ्या कारागिरासही सांगतां येत नाहीं.

याचा परिणाम मात्र शेतकऱ्यास भोगावा लागतो. कापसानें भरलेली ट्रॉली चढावर असतां पुढील आंकडीचा सांधा सुटला, तर मालाचें नुकसान ही त्यांतली लहान गोष्ट होय. मागून येणाऱ्या माणसांच्या जिवावर बेततें. राजूरच्या गणपतीस किंवा लग्नकार्यास त्याच ट्रॉलींत बायकामुलें बसतात, हें ध्यानांत घेतलें म्हणजे हा विषय केवळ कारागिरांचा नव्हे हें पटेल.

वाईट सांध्याचीं कारणें अनेक आहेत. त्यांतील एक मोठें कारण डोळ्यांस दिसत नाहीं, तें म्हणजे सांधतेवेळीं विजेच्या ज्योतीभोंवतीं असणारें वायूचें आवरण. तें पुरेसें होतें कीं नाहीं, हें ज्योतीच्या वागण्यावरून व तिच्या आवाजावरून ओळखतां येतें. ही पारख शेतकरी बंधूंस यावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे. प्रस्तुत लेखकाची नोकरी महसूल खात्यांतील कारकुनीची; हें काम हातानें करणाऱ्यांपैकीं तो नव्हे. घरच्या अवजारांच्या निमित्तानें दुकानांत उभें राहून, जाणत्या कारागिरांस विचारून व पुस्तकें पाहून जें पक्कें समजलें, तेवढेंच येथें दिलें आहे.

लोहाराची वाळू व आजचा वायु

लोहार दोन तुकडे सांधूं लागला म्हणजे ते पांढरे होईतों तापवी, व घण घालण्यापूर्वी त्यांवर चिमूटभर वाळू किंवा टाकणखार टाकी, हें वृद्ध वाचकांनीं पाहिलें असेल. तापलेलें लोखंड हवेंतील प्राणवायु ओढून घेतें व त्यावर खपली धरते. खपली मध्यें राहिली तर तुकडे एकजीव होत नाहींत. वाळू त्या खपलीशीं मिळून काचेसारखा पातळ रस होतो, व घणाच्या घावासरशीं तो बाहेर उडून जातो. वाळूचें काम लोखंडास हवेपासून राखण्याचें होतें.

वेल्डिंगमध्यें लोखंड नुसतें तापत नाहीं, तें वितळतें. त्याची उष्णता पंधराशें अंशांच्या घरांत जाते, आणि वितळलेलें लोखंड हवेचें फार भुकेलेलें असतें. हवेच्या शंभर भागांत सुमारें 78 भाग नत्रवायु व 21 भाग प्राणवायु असतो. प्राणवायु लोखंडांतील कार्बनशीं मिळून बुडबुडे करतो. नत्रवायु वितळलेल्या लोखंडांत विरघळतो, व लोखंड थिजूं लागलें कीं बाहेर पडूं पाहतो. वाट न मिळाल्यास आंत छिद्रें राहतात. जो आंतच राहतो तो लोखंडास ठिसूळ करतो. ओलावा असेल तर त्यांतून उज्जवायु सुटतो, व त्यानें कठीण पोलादास मागाहून, कधीं कधीं दुसऱ्या दिवशींही, तडा जातो. सबब, वितळलेल्या लोखंडावर तें थिजेपर्यंत हवा लागूं न देणें हेंच या कामांतील मर्म आहे.

ही गोष्ट शास्त्रज्ञांसही हळूहळूच उमगली. 1888 सालीं रशियांत स्लाव्यानोव्ह यानें लोखंडाचीच कांडी वितळवून सांधण्याची रीति दाखविली. कांडी उघडी असल्यानें सांधे ठिसूळ निघत. पुढें या शतकाच्या मागील शतकारंभीं स्वीडनमध्यें ऑस्कर केलबर्ग यानें कांडीवर लेप देण्याची युक्ति काढली. लेप जळून त्यांतून वायु सुटतो व वर धातुमळीचें कवच धरतें. आज दुकानांत ज्यास रॉड म्हणतात तो हाच. 1941 च्या सुमारास अमेरिकेंत विमानांच्या कारखान्यांत रसेल मेरिडिथ यानें हीलियम वायूच्या आश्रयाखालीं मॅग्नेशियम सांधलें. 1948 सालीं अखंड सरकणारी तार व तिच्याभोंवतीं वायु ही रीति निघाली, आणि 1953 सालीं रशियांतील ल्युबाव्स्की व नोवोशिलोव्ह यांनीं महाग वायूंच्या जागीं स्वस्त कार्बन डायऑक्साइड वापरून दाखविला. जुन्या पाठ्यपुस्तकांत ज्यास कर्बद्विप्राणिद म्हणत तोच हा वायु. कारागीर त्यास सीओटू म्हणतात.

ज्योतीचा स्वभाव

थंड वायूंतून वीज वाहत नाहीं. कांडीचें किंवा तारेचें टोंक लोखंडाजवळ नेलें म्हणजे तेथील वायु इतका तापतो कीं त्याचे कण फुटून विजेस वाट मिळते. ही तापलेली वाट म्हणजे ज्योत. कारागीर तीस आर्क म्हणतात. ज्योत वायूचीच बनलेली असल्यामुळें वायु बदलला कीं तिचा स्वभाव बदलतो. वायूचें काम राखणदाराचें आहेच, शिवाय ज्योतीचें अंगही तोच आहे, हें विसरूं नये.

आर्गन हा हवेंत शंभरांत एक भागाहूनही कमी असणारा वायु. 1894 सालीं रॅले व रॅमसे या इंग्लंडमधील शास्त्रज्ञांनीं तो ओळखला. तो कशाशींही मिळत नाहीं, म्हणून त्यास ‘आळशी’ या अर्थाचें ग्रीक नांव दिलें गेलें. तो उष्णता फारशी वाहून नेत नाहीं. त्यामुळें ज्योत शांत, एका जागीं स्थिर राहते, व तारेचे थेंब लहान होऊन सरळ खालीं पडतात.

सीओटूचें तसें नाहीं. ज्योतीच्या उष्णतेनें त्याचे कण फुटतात व फुटतांना उष्णता शोषून घेतात. त्यामुळें ज्योत आंखडते आणि थेंबाच्या तळाशीं एकवटते. थेंबास खालून वर रेटा बसतो. तो फुगत जातो व शेवटीं वांकडातिकडा उडतो. म्हणून सीओटूमध्यें शिंतोडे फार. उलट पक्षीं, फुटलेले कण लोखंडाच्या थंड पृष्ठाशीं पुन्हां जुळतात व शोषलेली उष्णता तेथें सोडतात, म्हणून सांधा खोल जातो. जाड चॅनेल व ट्रॉलीचा सांगाडा यांस हा वायु चांगला. सांध्याची रेघ थोडी ओबडधोबड दिसली तरी चिंता नाहीं.

दोहोंचें मिश्रणही मिळतें. शंभरांत ऐंशी भाग आर्गन व वीस भाग सीओटू घेतल्यास शिंतोडे कमी होतात, व वीज जास्त सोडली असतां थेंबांचा बारीक फवारा होतो. सीओटूचा भाग याहून बराच वाढला कीं फवारा होत नाहीं. निव्वळ आर्गन मात्र लोखंडास तारेनें सांधण्यास योग्य नव्हे. ज्योत इकडे तिकडे भटकते व रेघेच्या कांठास खांच पडते. ॲल्युमिनियमला निव्वळ आर्गनच पाहिजे. स्टेनलेस पोलादाच्या दुधाच्या भांड्यास दुकानांत जें ‘आर्गन वेल्डिंग’ करतात, त्यांत टंगस्टनची न वितळणारी सुई असते व तेथेंही निव्वळ आर्गनच लागतो. मिश्रणास सीओटूपेक्षां दोनतीन व्होल्ट कमी दाब पुरतो. म्हणून सिलिंडर बदलून यंत्र तसेंच ठेवलें, तर कारागीर तोच व तार तीच असूनही सांधा बिघडतो.

पुरवठा कमी, जास्त व खंडित

वायु चांगला असून भागत नाहीं. तो बेतानें व सारखा आला पाहिजे. साधारण कामास मिनिटास 10 ते 15 लिटर पुरतो, मोठ्या कामास 20 पर्यंत. कारागिरांत एक ढोबळ हिशेब आहे: बंदुकीच्या तोंडाचा आंतला व्यास जितके मिलिमीटर, मिनिटास तितके लिटर.

पुरवठा कमी झाला कीं हवा ज्योतींत शिरते. ज्योत फडफडते, आवाज तुटक होतो, शिंतोडे वाढतात, व रेघेवर सुईच्या टोंकाएवढीं छिद्रें दिसूं लागतात. हें बहुतेकांस ठाऊक असतें, म्हणून छिद्र दिसलें कीं वायूची चावी आणखी उघडण्याकडे हात जातो. येथेंच पुष्कळांची फसगत होते. शेतकऱ्यास दांडाच्या पाण्याचें उदाहरण पुरेल. पाणी बेतानें सोडलें तर तें दांडांतून निवांत जातें. फार सोडलें तर भोंवरे पडून कांठची माती आंत ओढतें. वायूचेंही तसेंच आहे. फार जोरानें सोडला तर तो भोंवरे करून बाहेरची हवा आपल्याबरोबर आंत घेतो. म्हणजे वायूचा खर्च दुप्पट व सांधा पुन्हां छिद्रांचाच. बंदुकीच्या तोंडांत शिंतोडे सांचले, किंवा तोंड लोखंडापासून फार दूर धरलें, तरी फळ तेंच.

खंडित पुरवठ्याचें कारण सीओटूच्या सिलिंडरांत आहे. त्यांत वायु द्रवरूपानें भरलेला असतो. पाणी झिरपून उडतांना जसा माठ गार होतो, तसा हा द्रव वायु होतांना उष्णता घेतो, व दाब एकदम उतरतांना वायु आणखी गार होतो. रेग्युलेटरवर दंव धरतें, वाट बुजूं लागते, व वायु थांबून थांबून येतो. ज्योत त्याबरोबर अडखळते. यासाठीं रेग्युलेटरवर विजेचा हीटर बसवितात. तो जळालेला किंवा न जोडलेला असेल, तर बराच वेळ चालणाऱ्या सांध्याचा आरंभ चांगला व शेवट वाईट होतो. आर्गनला हीटर लागत नाहीं.

सिलिंडरचा हिशेब

आर्गनच्या सिलिंडरांत द्रव नसतो. वायु संपत जाईल तसा कांटा उतरतो. सात घनमीटरच्या सिलिंडरांत सात हजार लिटर. मिनिटास 15 लिटरप्रमाणें सुमारें पावणेआठ तास ज्योत चालते. सीओटूचा कांटा मात्र फसवा आहे. आंत द्रवाचा थेंब असेपर्यंत दाब एकच राहतो, वीस अंश उष्णतेस हवेच्या दाबाच्या सुमारें 57 पट. भरलेला व तळाशीं आलेला सिलिंडर सारखाच दिसतो. द्रव संपला कीं कांटा भराभर उतरतो, व नेमका तेव्हांच कोणाचा तरी सांधा अर्ध्यावर असतो.

शिवाय 31 अंशांच्या वर या वायूचा द्रवच राहत नाहीं. जालन्याचा उन्हाळा चाळिशीपलीकडे जातो. तेव्हां उन्हांतील सिलिंडरचा दाब फार चढतो व कांट्यावरून कांहींच ठरवितां येत नाहीं. म्हणून सीओटूचा ताळा वजनानें घ्यावा. एका किलोचा सुमारें 540 लिटर वायु होतो. तीस किलोच्या सिलिंडरचा 16,200 लिटर, म्हणजे वरील दरानें अठरा तासांची ज्योत. सिलिंडर सांवलींत, उभा व सांखळीनें बांधलेला असावा; आडवा ठेवल्यास द्रवच रेग्युलेटरमध्यें येतो.

वारा हा मोठा चोर

वायूचें पांघरूण अगदीं हलकें असतें. वारा ताशीं आठ किलोमीटरच्या आसपास गेला कीं तें उडूं लागतें. एवढा वारा म्हणजे वावटळ नव्हे. तोंडास झुळूक लागावी व लिंबाचीं पानें सळसळावीं, इतकाच. ज्या झुळुकीनें माणसास बरें वाटतें, तीच सांध्यास घातक होय.

जुन्या जालन्यांतील एका दुकानांत प्रस्तुत लेखकासमोर घडलेला प्रकार सांगण्यासारखा आहे. वैशाखाचे दिवस होते. सकाळचे सांधे स्वच्छ निघाले. दुपारीं त्याच हातचे सांधे पोळ्यासारखे सच्छिद्र निघूं लागले. कारागिरानें तार बदलली, वायु वाढविला, शेवटीं सिलिंडरही बदलला; गुण येईना. दुपारीं उकाड्यामुळें मुलानें कूलरचें तोंड कामाच्या बाजूस वळविलें होतें, तें कोणाच्याच लक्षांत नव्हतें. कूलर फिरविल्याबरोबर ज्योत पूर्ववत् झाली.

यावरून शेतांतील कामाचा नियम निघतो. बांधावर, उघड्या रानांत नांगर मोडला असतां सीओटूचें यंत्र आणवूं नये. आणल्यास तीन बाजूंनीं ताडपत्रीचा आडोसा करावा. तेथें लेपाचा रॉडच बरा, कारण त्यास वायूबरोबर धातुमळीचें कवचही असतें व तें थोडा वारा सोसतें. मात्र रॉड कोरडा पाहिजे. पावसाळ्यांत उघड्या पुड्यांतील रॉड ओलावा धरतात. ट्रॉलीच्या आंकडीसारख्या जोखमीच्या जागीं 7018 जातीचे रॉड वापरतात. पुडा उघडा राहिला असल्यास ते भट्टींत तीनशें अंशांच्या पुढें तापवून घ्यावे लागतात. लेप ओला राहिला तर त्याच्याच पोटीं उज्जवायु तयार होतो, व राखणदारच चोर ठरतो.

शेतकऱ्यानें पारख कशी करावी

प्रथम ताकीद: ज्योतीकडे उघड्या डोळ्यांनीं पाहूं नये. तिच्या तेजानें रात्रीं डोळ्यांत वाळू पडल्यासारखी आग होते. ज्योत पाहावयाची नाहीं, ती ऐकावयाची. पाठ फिरवून उभें राहावें व पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावें.

1. सीओटूचा लहान कामाचा आवाज कढईंत भजीं तळल्यासारखा सारखा व दाट असतो. तो मध्येंच फट्फट् करूं लागला, तुटला किंवा फुसफुसला, तर कारागिरास थांबवून विचारावें.

2. रंगापूर्वी सांधा पाहावा. रंगविलेला सांधा घेणें म्हणजे फेरफार न पाहतां जमीन घेणें होय. तारेच्या ब्रशानें घासून छिद्रें, काजळी व कांठच्या खांचा पाहाव्या.

3. छिद्रें फक्त आरंभीं असतील, तर नळींत हवा राहिली होती. क्षणभर वायु सोडून मग ज्योत पाडावी. फक्त शेवटीं असतील, तर बंदूक लवकर उचलली. लोखंड थिजेपर्यंत ती तेथेंच धरावी.

4. सर्वत्र छिद्रें असल्यास दोष वायूचा कीं लोखंडाचा, हें ठरविण्याची सोपी रीति आहे. स्वच्छ घासलेल्या वेगळ्या तुकड्यावर एक रेघ ओढावी. तेथें रेघ चांगली आली, तर वायु निर्दोष आहे. आपल्या अवजारावरील गंज, रंग, वंगण किंवा शेणमाती घासून काढली पाहिजे. तेथेंही छिद्रें आलीं, तर हीटर, नळी, बंदुकीचें तोंड, सिलिंडर व वारा या क्रमानें पाहावें.

5. सच्छिद्र सांध्यावर दुसरा थर चढवून घेऊं नये. छिद्रें खालीं तशींच राहतात. तो भाग ग्राइंडरनें कापून नव्यानें सांधावा. त्याचे दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

कांहीं धोके

जस्त चढविलेल्या पाइपावर वायु कितीही चांगला असला तरी छिद्रें पडतात, कारण जस्त लोखंड वितळण्यापूर्वीच, नऊशें अंशांच्या आसपास, उकळून वाफ होतें. तो धूर पोटांत गेल्यास अंग मोडून ताप भरतो. सांध्याच्या दोन्ही बाजूंचें जस्त आधीं घासून काढावें व धुराच्या वाऱ्याखालीं उभें राहूं नये.

दुसरा धोका याहून मोठा आहे. आर्गन व सीओटू हे दोन्ही हवेहून जड असल्यानें खोलगट जागीं सांचतात. टँकरच्या आंत, विहिरींत किंवा बंदिस्त टाकींत सांधकाम चाललें असतां आंतील माणसास वास येत नाहीं; आर्गन तर कसलीच सूचना देत नाहीं, व माणूस बेशुद्ध पडतो. जुन्या विहिरींत उतरण्यापूर्वी आपले वडील जी सावधगिरी घेत, तीच येथें घ्यावी: बाहेर एक माणूस उभा ठेवावा, आंत पंख्यानें ताजी हवा सोडावी, व काम थांबल्यावर वायूची चावी सिलिंडरवरच बंद करावी. या कामीं प्राणवायूचा सिलिंडर आंत सोडण्याचा अविचार कोणीं करूं नये. त्यानें कपडे भडकन् पेट घेतात.

सिलिंडर विकत अगर भाड्यानें घेणाऱ्यांनीं त्याच्या खांद्यावर ठोकलेली तपासणीची तारीख वाचावी. गॅस सिलिंडर नियम, 2016 प्रमाणें ठराविक मुदतीनें ही तपासणी व्हावी लागते, व या कायद्याचा अंमल पाहणाऱ्या खात्याचें मुख्य ठाणें आपल्याच राज्यांत नागपुरास आहे.

तात्पर्य

कारागिरांवर अविश्वास दाखवावा, असा या लेखाचा रोख नाहीं. चांगला कारागीर विचारणाऱ्या गिऱ्हाइकाचा राग मानीत नाहीं. उलट आडोसा करण्यास व लोखंड घासण्यास त्यास सवड मिळते. घाई बहुधा गिऱ्हाइकाचीच असते. पेरणी तोंडावर आली कीं दुकानापुढें ट्रॉल्यांची रांग लागते, व प्रत्येकास आपलें काम आधीं हवें असतें. त्या गर्दींत हीटर व आडोसा यांकडे कोण पाहतो? म्हणून अवजारांची डागडुजी चैत्रांतच, वारा पडलेला असतां सकाळच्या वेळीं करून घ्यावी, व आंकडी, चाकाचा आंस आणि उलटणाऱ्या ट्रॉलीचे बिजागर या तीन जागांचे सांधे रंगापूर्वी स्वतः पाहावे. एवढें प्रत्येक खातेदारानें केलें, तरी पुष्कळ खर्च व कांहीं जीव वांचतील.